चावीचा दिवा लुकलुकतोय म्हणजे इमोबिलायझरच गेला असं नाही

गाडी कधी चालू होते कधी नाही, आणि नेमकं तेव्हाच मीटरमध्ये चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकताना दिसला, की आपल्याकडे निकाल लगेच लागतो, "इमोबिलायझर गेला". इमोबिलायझर म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा. मग आधी नवी चावी, मग कॉइल, मग कोणीतरी म्हणतं ईसीएमच (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलून टाका, खर्च वाढत जातो आणि शेवटी निघतं काय तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल हाताने हलतंय. इमोबिलायझर बिघडतच नाही असं नाही, बिघडतो, पण त्याच्या नावावर जितकी पापं खपवली जातात तितकी त्याची नसतात. आणि दोष त्याचा आहे की दुसऱ्या कोणाचा हे बऱ्याचदा गाडीत बसल्या बसल्या कळतं, मीटरकडे नीट बघून आणि कान उघडे ठेवून.

आधी ही भानगड चालते कशी ते बघू. चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक बारकी चिप असते, काही चाव्यांत काचेच्या छोट्या नळीत, काहींत काळा चपटा तुकडा, काहींत सरळ रिमोटच्या सर्किटवरच बसवलेली. या चिपला स्वतःची बॅटरी नसते. आपण जिथे चावी घालतो त्या लॉकभोवती प्लास्टिकची एक रिंग असते आणि त्यात तांब्याच्या तारेची कॉइल असते. इग्निशन ऑन केलं की कॉइलमधून साधारण 125 किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यातूनच चिपला करंट मिळतो आणि ती जागी होते. मग गाडीचं कंट्रोल युनिट तिला एक आकडा पाठवतं, चिप तिच्या पोटातला गुपित कोड वापरून त्या आकड्याचं उत्तर काढते आणि परत पाठवते, उत्तर बरोबर असेल तर इंजिनच्या ईसीएमला परवानगी जाते आणि मगच इंजेक्टर आणि स्पार्क चालू राहतात. आकडा दर वेळी वेगळा असतो, म्हणजे ओटीपीसारखं, कालचं उत्तर आज चालत नाही. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, त्यामुळे आपल्याला पत्ताही लागत नाही. मारुतीवाले यालाच आय-कॅट्स म्हणतात, बाकी कंपन्यांची नावं वेगळी, काम तेच.

युरोपात ऑक्टोबर 1998 पासून नव्या गाड्यांना हे सक्तीचं आहे, ऑस्ट्रेलियात 2001 पासून, कॅनडात 2007 पासून. अमेरिकेत सक्ती नव्हती आणि तिथे किया आणि ह्युंदाईच्या बऱ्याच साध्या चावीवाल्या मॉडेल्समध्ये इमोबिलायझरच नव्हता, मग 2022 च्या सुमारास पोरांनी स्टिअरिंगखालचं कव्हर उचकटून यूएसबी केबलच्या टोकाने लॉक फिरवून गाड्या पळवायच्या आणि त्याचे व्हिडिओ टाकायचे असा धुमाकूळ घातला. तेव्हा हा डबा कितीही त्रासदायक वाटला तरी काढून टाकायच्या भानगडीत पडू नका. "बायपास करून देतो सर" म्हणणारे भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढे जायचं.

आता या कामाच्या पद्धतीतून दोनतीन गोष्टी सरळ निघतात आणि अर्धं ट्रबलशूटिंग तिथेच होतं. एक म्हणजे साध्या चावीत रिमोटचा सेल संपला तरी गाडी चालू व्हायलाच पाहिजे, कारण चिपला त्या सेलशी काही देणंघेणं नाही. तेव्हा सेल बदलून प्रॉब्लेम गेला असं कोणी सांगितलं तर तो योगायोग असतो, किंवा चावी उघडताना चिप नीट बसली असेल. दुसरं, चावी ओळखली गेली की नाही हे गाडी सुरुवातीलाच तपासते. चालत्या गाडीत इमोबिलायझर मध्येच इंजिन बंद करत नाही, तसं करायला कंपनीच्या इमोबिलायझरला परवानगीच नसते, कारण हायवेवर ते जिवावर बेतेल. म्हणून गाडी चालता चालता बंद पडत असेल आणि मग चालू होत नसेल तर चावीचा नाद सोडा, दुसरीकडे शोधा. आणि तिसरं, चिप ओळखली गेली नाही तरी बऱ्याच गाड्यांत सेल्फ मस्त फिरतो, फक्त इंजिन पकडत नाही, किंवा एक-दोन सेकंद चालू होऊन बंद पडतं. काही गाड्या मात्र सेल्फच देत नाहीत. तुमची गाडी कुठल्या जातीची आहे हे मॅन्युअलमध्ये असतं, ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत नवंकोरं पडलेलं असतं बघा.

अधूनमधून होणाऱ्या प्रॉब्लेमची खरी अडचण ही की गॅरेजला नेली की गाडी शहाण्यासारखी वागते, आणि मेकॅनिक म्हणतो काही नाहीये गाडीला. म्हणून ज्या क्षणी चालू झाली नाही तो क्षण महत्त्वाचा. घाबरून धडाधड सेल्फ मारत बसू नका. मोबाईल काढा, मीटरचा व्हिडिओ चालू करा, आणि एकदाच चावी फिरवा, आवाजासकट रेकॉर्ड होऊ द्या. इग्निशन ऑन केल्यावर चावीचा दिवा दोनतीन सेकंद लागून विझला की लुकलुकत राहिला, सेल्फ मारताना मीटरचे बाकी दिवे मंद झाले का, आवाज काय आला, आरपीएमचा काटा जरा तरी हलला का, इंजिन गरम होतं की थंड, पाऊस होता का, हे सगळं त्या व्हिडिओत आणि तुमच्या डोक्यात पाहिजे. चांगल्या वायरमनला हा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दाखवलात तर तो निम्मं काम तिथेच सांगेल.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. गाडी लॉक करून उभी असताना डॅशवर लाल दिवा सावकाश लुकलुकतो तो सिक्युरिटीचा, तो तसाच असायला हवा. आपल्याला बघायचंय ते इग्निशन ऑन असताना काय होतं.

सेल्फच फिरत नाही, नुसता कट्ट आवाज येतो किंवा कटकटकट असा आवाज येतो आणि दिवे मंद होतात, तर पहिला संशय बॅटरी आणि तिच्या जोडण्यांवर. आणि इथेच इमोबिलायझरवर खोटा आळ येतो. सेल्फ मोटर करंट प्रचंड खेचते, बॅटरी कमजोर असेल तर व्होल्टेज धपकन खाली येतं, इतकं की कंट्रोल युनिट क्षणभर बंद पडून परत चालू होतं, मग चावी परत ओळखायची गडबड, दिवे सगळे एकदम लागतात, चावीचाही लुकलुकतो, आणि आपण म्हणतो चावीच गेली. एक साधा मल्टिमीटर घ्या, फार महाग नसतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12 च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. पण नुसत्या या आकड्यावर जाऊ नका, म्हातारी बॅटरी उभ्या उभ्या 12.5 दाखवते आणि सेल्फ मारला की 8 वर येते. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि मल्टिमीटर बघत राहा, 9.6 च्या खाली जायला लागलं तर बॅटरीवाल्याकडे लोड टेस्ट करून घ्या. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 दिसायला हवेत, नवीन गाड्यांत स्मार्ट चार्जिंग, म्हणजे गरजेप्रमाणे कमीजास्त होणारं चार्जिंग, असतं त्यामुळे तिथे आकडा वरखाली होतो, घाबरू नका.

बॅटरी ठणठणीत निघाली तर टर्मिनल. पांढरी-हिरवी पावडर जमलेली असते, गरम पाण्याने आणि खायच्या सोड्याने साफ होते, पण टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी काढायचं आणि लावताना शेवटी लावायचं. आणि मग ती गोष्ट जी कोणीच बघत नाही, अर्थिंग. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड पट्टी बॉडीला जाते आणि एक इंजिन-गिअरबॉक्सला, ती आतून गंजते, बाहेरून छान दिसते. कोकणात आणि गोव्यात समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या गाड्यांना तर हा रोग हमखास. टेस्ट सोपी आहे, मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. 0.2 व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब, पट्टी काढा, घासा किंवा बदला. या पट्टीला किंमत काही नसते आणि तिच्यापायी लोकांनी सेल्फ मोटरी बदलल्यात, त्यानेही फरक पडला नाही म्हणून चाव्या.

जोडण्या ठीक आहेत आणि तरी आवाजच नाही, दिवे मंदही होत नाहीत, एकदम सामसूम, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाहीये. बऱ्याच गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, क्लचच्या वर एक स्विच असतो आणि खाली जाडजूड मॅट सरकली की क्लच पूर्ण दबतच नाही, मॅट काढून बघा. ऑटोमॅटिक असेल तर पी मधून एन मध्ये टाकून बघा, एन मध्ये चालू झाली तर गिअरचा स्विच. स्टार्टरचा रिले, म्हणजे फ्यूजबॉक्समधला विजेवर चालणारा छोटा स्विच, त्याच साइजच्या आणि त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून बघता येतो, हॉर्नचा बऱ्याचदा सारखाच असतो. इग्निशन स्विच घासलेला असतो, विशेषतः ज्यांच्या चावीला घराच्या, दुकानाच्या, कपाटाच्या चाव्या, गणपती आणि बाटली उघडायचं ओपनर एवढं सगळं लटकलेलं असतं त्यांचा. गाडी गरम झाल्यावरच सेल्फ मरत असेल आणि अर्ध्या तासाने परत लागत असेल तर सेल्फ मोटरचं सोलेनॉइड (तिला करंट जोडून देणारा स्विच) किंवा आतले कार्बन ब्रश.

धक्का स्टार्ट हीसुद्धा एक टेस्ट आहे बरं का, फक्त मॅन्युअल गाडीत. धक्क्याने चालू झाली आणि चालू राहिली तर चावी ओळखली गेलीय, प्रॉब्लेम बॅटरी-सेल्फच्या बाजूचा. सेल्फ छान फिरतोय तरी चालू होत नाही अशी गाडी ढकलायचा मात्र काही उपयोग नाही, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटकनमध्ये (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जाऊन तिची वाट लागते, आणि कॅटकन स्वस्त नसते.

सेल्फ जोरात फिरतोय, चावीचा दिवा नीट लागून विझलाय, पण इंजिन पकडत नाही. इथे इमोबिलायझरला क्लीन चिट. माझ्या मते या प्रकारात सगळ्यात जास्त छळणारा पार्ट म्हणजे क्रँक सेन्सर. हा इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगतो, तो गप्प बसला तर ईसीएमला वाटतं इंजिन उभं आहे, मग ना स्पार्क ना इंधन. जुना झाला की तापल्यावर मरतो आणि गार झाल्यावर जिवंत होतो, त्यामुळे घाट चढून चहाला थांबलात की गाडी चालू होत नाही, तासाभराने काही न करता होते. ओळख अशी की सेल्फ मारताना आरपीएमचा काटा अजिबात हलत नाही, सगळ्या मीटरमध्ये हे दिसत नाही पण दिसलं तर मोठा पुरावा आहे. दुसरा फ्यूएल पंप, इग्निशन ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक गुंऽऽ असा आवाज येतो पेट्रोल गाडीत, तो आला नाही तर पंप, त्याचा रिले किंवा फ्यूज.

आणि सीएनजीवाल्यांसाठी खास. कंपनी फिटेड सीएनजी गाड्यांत गॅस भरायच्या झाकणाला बारीक स्विच असतो, झाकण उघडं असेल तर इंजिन चालू होऊ देत नाही, भरताना कोणी गाडी सुरू करून नळीसकट निघू नये म्हणून. पंपावरच्या पोऱ्याने झाकण अर्धवट लावलं, किंवा स्विच धुळीने अडकला, की भर लाइनमध्ये गाडी मुकी होते आणि मागचे हॉर्न वाजवायला लागतात. खाली उतरून झाकण दाबा. गॅस भरताना गाडी गरमही असते, त्यामुळे क्रँक सेन्सरचा प्रॉब्लेमही पंपावरच दिसतो, दोन्हीत गल्लत होते, म्हणून झाकण आधी.

आता खरंच इग्निशन ऑन असताना चावीचा दिवा लुकलुकत राहतोय किंवा विझतच नाही, बॅटरी-टर्मिनल ठीक आहेत, तर मग आलो इमोबिलायझरवर. पहिली टेस्ट फुकटची, दुसरी चावी. ती कपाटात असते, आणा. दुसऱ्या चावीने दर वेळी चालू होते आणि पहिलीनेच नखरे, तर दोष चावीतल्या चिपचा. दोन्ही चाव्यांनी तसंच होतंय तर दोष कॉइल, वायर किंवा युनिटच्या बाजूला. एका सकाळच्या टेस्टवर निकाल देऊ नका, आठवडाभर फक्त दुसरी चावी वापरा, कारण प्रॉब्लेम मुळात अधूनमधूनचा आहे. आणि ती वापरताना जुडग्याला दुसऱ्या कुठल्या चिपवाल्या गाडीची चावी नको, दोन चिपा कॉइलजवळ आल्या की दोघी एकदम बोलतात आणि गाडीला कोणाचंच कळत नाही. जाड लोखंडी कीचेनही डोक्याला चिकटून नको.

चिप कशाने जाते? चावी फरशीवर पडून, पॅंटसकट वॉशिंग मशीनमध्ये फिरून, आणि सगळ्यात कॉमन म्हणजे चावीचं कव्हर बदलताना. ऑनलाइन फोल्डिंग चावीचं सुंदर शेल मागवतो, रिमोटचं सर्किट नव्यात टाकतो, आणि चिप जुन्या शेलच्या खोबणीत राहते, ते शेल कचऱ्यात. गाडी अनलॉक होते, सेल्फ फिरतो, चालू होत नाही. किंवा चिप टाकली पण खोबणीत नीट बसत नाही, आत खडखडते, मग कधी कॉइलच्या टप्प्यात येते कधी नाही, हाही टिपिकल अधूनमधूनचा प्रकार. चावी कानाजवळ हलवून बघा.

कॉइलचं सांगायचं तर स्टिअरिंगखालचं कव्हर काढल्यावर लॉकभोवती ती रिंग दिसते, तिच्या कनेक्टरच्या पिना सैल होणं, हिरव्या पडणं हे कॉइल जळण्यापेक्षा जास्त होतं. इग्निशन ऑन ठेवून कनेक्टर आणि वायर हळूच हलवताना दिवा बदलला तर सापडलं. एअरबॅगची पिवळी वायर तिथूनच जाते, तिला हात लावायचा नाही, आणि खात्री नसेल तर हे काम वायरमनला करू द्या.

पुश बटणवाल्या गाड्यांचं गणित थोडं वेगळं. तिथे गाडी 125 किलोहर्ट्झवर हाक मारते आणि चावी तिच्या सेलच्या जोरावर वेगळ्या, बऱ्याचदा 433 मेगाहर्ट्झच्या फ्रिक्वेन्सीवर उत्तर देते. म्हणजे इथे सेल महत्त्वाचा. कमजोर झाला की चावी सापडत नाही असा मेसेज येतो, तेव्हा चावी बटणाला टेकवून किंवा चावीनेच बटण दाबून गाडी चालू होते, कारण आत बिनसेलची चिपही असते. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते. तशी चालू झाली तर सेल बदला, विषय संपला. एक गंमत मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते, फोनचा वायरलेस चार्जर साधारण 100 ते 200 किलोहर्ट्झमध्ये काम करतो, म्हणजे चावीच्या हाकेच्या अगदी शेजारी. चावी त्या पॅडवर किंवा फोनला चिकटून ठेवली तर गाडी आतल्या आत तिला शोधत बसते. चावी खिशात ठेवा. आणि बटण दाबून काहीच होत नसेल तर ब्रेक लाइट लागतात का ते बघा, ब्रेकचा स्विच खराब असेल तर ब्रेक दाबलाय हे गाडीला कळतच नाही.

दोन्ही चाव्यांनी सारखाच त्रास असेल तर नवं युनिट घेण्याआधी गाडीत बाहेरून काय काय बसवलंय त्याची यादी करा. जीपीएस ट्रॅकर, बाहेरचं सेंट्रल लॉकिंग, अलार्म, डॅशकॅम, पिवळ्या प्लेटच्या गाडीत ट्रॅकिंग डिव्हाइस आणि स्पीड गव्हर्नर. यातले बरेचसे इग्निशनच्या वायरीला टॅप मारून, वर टेप गुंडाळून जोडलेले असतात, काही ट्रॅकर तर इंजिन बंद करायचा रिले घेऊनच येतात. सेकंडहँड गाडी असेल तर असा रिले आहे हेही माहीत नसतं. पावसाळ्यात उंदीर इंजिनच्या उबेला येऊन वायरी कुरतडतात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तर विचारू नका, बॉनेट उघडून लेंड्या आणि कापसाचे बोळे दिसतायत का बघा. वायरीचं अर्धं कुरतडलेलं टोक कोरडं असताना चालतं, ओलं झालं की नाही.

स्कॅनरचा उपयोग इथे येतो. साध्या ब्लूटूथ ओबीडी डोंगलवर, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून मोबाईलवर बघायच्या छोट्या स्कॅनरवर, इंजिनच्या बिघाडांचे कोड दिसतात, पी0335 म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटचा, पी0513 म्हणजे चुकीची इमोबिलायझर चावी. पण चावीची बाजू सांभाळणारं बॉडी कंट्रोल मॉड्यूल हे स्वस्तातलं डोंगल बऱ्याचदा वाचतच नाही, तेव्हा त्यात कोड नाही म्हणजे दोष नाही असं समजू नका, कंपनीच्या किंवा चांगल्या मल्टिब्रँड स्कॅनरवर बघून घ्या. कोड पुसण्याआधी फोटो काढा, आणि बॅटरीची वायर काढायच्या आधी स्कॅन करा, काही गाड्यांत वायर काढली की नोंद जाते.

चावी नवीनच करायची वेळ आली तर बाजारात दीडदोनशे रुपयांत कापून मिळते ती नुसती पात्याची, दार उघडेल पण गाडी चालू राहणार नाही. चिप गाडीत रजिस्टर करावी लागते. त्यासाठी काही गाड्यांना सिक्युरिटी कोड लागतो, नवी गाडी घेताना चावीबरोबर धातूचा किंवा प्लास्टिकचा छोटा टॅग मिळतो त्यावर किंवा कार्डवर चावीचा नंबर असतो, तो जपून ठेवा, चावीला लटकवून फिरू नका. घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या, कारण बऱ्याच गाड्यांत रजिस्टर करताना जुन्या चाव्या पुसल्या जातात आणि तेव्हा जी समोर नसेल ती बाद होते. चावी हरवली असेल तर आधी पोलिसात तक्रार करून ठेवा, आणि हरवलेली चिप सिस्टिममधून काढायला सांगा, कारण उद्या गाडी चोरीला गेलीच तर क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले दोन्ही चाव्या मागतात आणि एक नसेल तर कागद लागतो. काम झालं की सर्व्हिस सेंटरमधून निघायच्या आधी प्रत्येक चावीने गाडी एकदा चालू करून निदान पाच-दहा सेकंद चालू ठेवून बघा, नुसती चालू झाली म्हणून निघू नका.